चोखणी काढायची, पण तिचं काम कोण करणार?

रात्रीचे अडीच. माझी दोन वर्षं चार महिन्यांची मुलगी डोळे मिटूनच अंथरुणावर हात फिरवतेय. उशीखाली, भिंतीजवळच्या फटीत, स्वतःच्या पोटाखाली. चोखणी, म्हणजे पॅसिफायर, हाताला लागली तर ती तोंडात जाते आणि दहा-पंधरा सेकंदांत श्वास संथ होतो. नाही लागली तर आधी कुरकुर, मग रडणं, आणि मग मी गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात पलंगाखाली शोधतेय. रात्रीतून तीनदा, कधी चारदा.

तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही सवय मोडायची. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मागे फिरले. तिसऱ्यांदा जमलं, कारण त्या वेळी आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला: ही चोखणी माझ्या मुलीसाठी नेमकं करते काय? झोपवते, शांत करते, कंटाळा घालवते, अनोळखी माणसांत आधार देते. एवढी कामं करणारी वस्तू एका सकाळी काढून घेतली, तर ती कामं तशीच पडून राहतात आणि मूल ती उरकायला दुसरं काहीतरी शोधतं. पुष्कळदा ते असतो अंगठा. चोखणी निदान डब्यात बंद करता येते, अंगठा कुठे ठेवणार?

म्हणून या लेखात चोखणी काढण्याआधी काय करायचं यावरच मी जास्त बोलणार आहे.

मुळात चोखणं कशासाठी

चोखायला बाळ जन्मानंतर शिकत नाही. सोनोग्राफीत पोटातलं बाळ अंगठा चोखताना दिसतं, हे अनेक आईवडिलांनी स्वतः पाहिलेलं असतं. गर्भारपणाच्या साधारण ३४व्या आठवड्यापर्यंत चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसू लागतो. जन्मानंतर बाळ दोन तऱ्हांनी चोखतं. दूध पिताना सेकंदाला साधारण एकदा, सावकाश आणि खोल. दूध नसताना सेकंदाला साधारण दोनदा, भरभर, मध्येमध्ये थांबत. हा फरक ओळखायला काही यंत्र लागत नाही. बाळाच्या हनुवटीकडे टक लावून बघा, पोट भरल्यावर तिची लय बदललेली दिसते.

या दुसऱ्या चोखण्यानं बाळ खरोखर शांत होतं. तान्ह्या बाळाला सुई टोचताना चोखायला काही दिलं तर ते कमी रडतं. म्हणजे चोखणी हवीशी वाटणं हा हट्ट नाही, लाड तर नाहीच. शरीराची ती फार जुनी, उपयोगी सोय आहे.

पहिल्या वर्षात तर तिचा आणखी एक मोठा फायदा आहे. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका झोपताना चोखणी दिल्यानं कमी होतो असं दिसून आलं आहे, त्यामुळे अमेरिकेची बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपेच्या वेळी ती द्यावी असं सुचवते. स्तनपान नीट सुरू झाल्यावरच द्यावी, आणि झोपेत तोंडातून पडली तर पुन्हा घालत बसू नये, हेही ती सांगते. या मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात. मूल एक वर्षाचं होतं तेव्हा हे कारण मागे पडलेलं असतं. ज्यासाठी चोखणी दिली ती गरज संपते, चोखणी मात्र राहते, आणि तिथून पुढे तिच्या तोट्यांचं पारडं हळूहळू जड व्हायला लागतं.

कान, दात आणि बोलणं

कानाचं आधी, कारण ते सगळ्यात लवकर सुरू होतं आणि पालकांच्या लक्षात सगळ्यात उशिरा येतं. घशाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्यांत ती तिरकी उतरती असते, लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. सतत चोखण्यानं तिथला दाब बदलत राहतो आणि घशातला स्राव जंतूंसह कानाकडे जाण्याची शक्यता वाढते, असं मानलं जातं. फिनलंडमध्ये काही बालआरोग्य केंद्रांत पालकांना एवढंच समजावलं गेलं, की सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोप लागताना द्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा केंद्रांतल्या मुलांत कानाचे तीव्र संसर्ग सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. पूर्ण बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, फक्त दिवसाची कमी करायला सांगितलं होतं. वारंवार कान दुखणाऱ्या मुलाच्या घरी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दातांबद्दल बोलताना दातांपेक्षा जिभेकडे बघायला हवं. तोंड मिटून स्वस्थ बसलं की आपली जीभ टाळूला टेकलेली असते. आत्ता वाचता वाचता करून बघा. वाढत्या वयात ही जीभ वरच्या जबड्यासाठी आतून साच्यासारखं काम करते आणि बाहेरून गालांचा दाब तिला तोलून धरतो. तोंडात चोखणी असली की जीभ खाली जाते आणि चोखताना गाल आत ओढले जातात. आतला आधार गेला, बाहेरचा दाब वाढला. असं दिवसाचे अनेक तास, महिनोन् महिने चाललं की वरचा जबडा अरुंद होत जातो आणि मागचे दात एकमेकांवर उलटे बसायला लागतात. पुढच्या दातांना पूर्ण खाली यायला जागाच मिळत नाही. मुलाला दाढा घट्ट मिटायला सांगा. पुढे वरच्या आणि खालच्या दातांमध्ये फट राहत असेल तर ती हीच.

ही पुढची फट चोखणी वेळेत सुटली तर बहुतेक मुलांत आपोआप भरून येते. मागच्या दातांचा उलटा चावा मात्र तितक्या सहज सुधारत नाही. मुलांच्या दंतवैद्यांची अमेरिकन संघटना दीड वर्षानंतरच्या वापराबद्दल सावध करते आणि तीन वर्षांच्या आत सवय सुटावी असं म्हणते. दातांसाठी खास आकाराची म्हणून विकली जाणारी चोखणी घेतली म्हणजे ही मुदत वाढली, असं समजू नका. आकारापेक्षा ती किती तास तोंडात असते आणि किती जोरानं चोखली जाते, यानं जास्त फरक पडतो.

बोलण्याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे चोखणीमुळे मुलं उशिरा बोलतात असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट कोणालाही स्वतःच्या तोंडात तपासता येते. दातांमध्ये करंगळी धरून "मला पाणी दे" म्हणून बघा. 'म' आणि 'प'साठी ओठ मिटायला हवेत, 'ल' आणि 'द'साठी जिभेचं टोक वर जायला हवं, 'ण'साठी जीभ आणखी मागे वळायला हवी. तीन शब्दांच्या त्या साध्या वाक्यात एकही अक्षर धड निघत नाही. माझी मुलगी चोखणी ओठांच्या कोपऱ्यात सरकवून उरलेल्या जागेतून बोलायची, आणि आम्ही घरातले सगळे ते समजून घ्यायला इतके सरावलो होतो की तिला ती काढायची वेळच येत नव्हती.

तीन दिवस फक्त बघा

सुरुवात काढण्यापासून करू नका. तीन दिवस एका कागदावर लिहा: चोखणी किती वाजता तोंडात गेली आणि त्याच्या मिनिटभर आधी काय झालं होतं. बस्स. माझ्या कागदावर दिवसातली सतरा वेळांची नोंद झाली. त्यातल्या नऊ वेळा ती मी स्वतःच दिली होती, तिने न मागता. फोन आला म्हणून, गाडीत बसताना, पाहुणे दारात असताना, ती रडेल या भीतीनं. ते वाचून मला वाईट वाटलं, पण त्या कागदानं अर्धं काम सोपं केलं. या नऊ वेळा बंद करायला मुलीशी काही झगडावं लागणार नव्हतं. फक्त माझा हात थांबवायचा होता.

मग चोखणीला एक जागा ठरवा. ती पलंगावर राहते. हवी असेल तर पलंगावर जाऊन चोखायची, खाली उतरताना तिथेच ठेवायची. हा नियम दिसायला किरकोळ आहे, पण तो मुलाला नाही म्हणत नाही. मूल जातं, पडतं, दोन मिनिटं चोखतं, आणि खेळ दुसऱ्या खोलीत चाललाय हे आठवून उतरून येतं. कपड्याला अडकवायच्या चिमट्या काढून टाका. गळ्यात दोरीनं चोखणी कधीच अडकवू नका, ते कोणत्याही वयात धोक्याचं आहे. बोलताना तोंडात असेल तर प्रेमानं म्हणा, "काढून सांग ना, मला नीट ऐकायचंय," आणि खरंच थांबा, ऐका.

दिवसा ती शांत होण्यासाठी चोखत असेल तर तोंडाला दुसरं काम लागतं. स्ट्रॉनं पाणी पिणं, साबणाचे फुगे फुंकणं, थोडं चावावं लागेल असं खाणं. चिडलेल्या मुलाला "मेणबत्ती विझव" म्हणून माझं बोट पुढे केलं की लांब श्वास आपोआप सुटतो. आणि पुष्कळदा फक्त उचलून घेणं पुरतं. दात येत असतील तर हिरड्यांना गार केलेलं चावायचं खेळणं द्या, कारण मग मागणी चोखणीची दिसत असली तरी गरज दुखऱ्या हिरडीची असते.

दिवसाचा भाग बहुतेक घरांत आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतो. खरा प्रश्न रात्रीचा.

रात्र

लहान मूल सलग झोपत नाही. त्याच्या झोपेची फेरी साधारण तासाभराची असते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ते अर्धवट जागं होतं. आपणही होतो, कूस बदलतो, सकाळी आठवतही नाही. पण जागं झाल्यावर मेंदू एक तपासणी करतो: झोप लागताना जे होतं ते सगळं जागेवर आहे का? उशी आहे, पांघरूण आहे, ठीक, झोप. चोखणी तोंडात घेऊन झोपलेल्या मुलाला त्या क्षणी तोंड रिकामं लागतं. मग तो हात अंथरुणावर फिरायला लागतो. माझ्या मुलीचं अडीच वाजता उठणं म्हणजे हीच तपासणी होती.

उपाय यातूनच निघतो. झोप लागण्याच्या क्षणाला चोखणीखेरीज दुसरंही काहीतरी जोडलेलं हवं, आणि ते चोखणी असतानाच जोडायचं. माझ्या पहिल्या दोन प्रयत्नांत मी आधी चोखणी काढली आणि मग रडणाऱ्या मुलीला थोपटायला सुरुवात केली. तिच्या लेखी ते थोपटणं म्हणजे चोखणी गेल्याची खूण झालं. तिसऱ्या वेळी दहा दिवस आधीपासून रोज तोच क्रम ठेवला: दिवा मंद, एकच गाणं तीनदा, पाठीवर हात, आणि पांघरुणाचा एक मऊ कोपरा तिच्या मुठीत. चोखणी तोंडात होतीच. पाचव्या-सहाव्या रात्री ती स्वतःच तो कोपरा शोधून नाकाशी धरायला लागली.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली मांडलं होतं की असा कोपरा, अशी बाहुली मुलाला आईपासून थोडं वेगळं व्हायला मदत करते. ती वस्तू आईही नसते आणि नुसती वस्तूही नसते. मला हे फार पटतं. एवढंच पाहा, की मूल एक वर्षाहून लहान असेल तर झोपेच्या जागी मऊ खेळणी आणि सैल कापडं ठेवायची नसतात. हा मार्ग मोठ्या मुलांसाठी.

मूल वर्षाच्या आतलं असेल तर एवढी तयारी लागतही नाही. चोखणी दिसेनाशी झाली की काही दिवसांत विसरतं. दीड वर्षाच्या आसपास, जेव्हा आई नजरेआड झाली तरी मूल कासावीस होतं, तेव्हा थोडं जड जातं. दोन वर्षांनंतर मूल धरून ठेवतं खरं, पण त्याला सांगता येतं, आणि ही फार मोठी सोय आहे.

दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगा. तीन आठवडे आधी सांगून काही हाती लागत नाही, त्याला तेवढा काळ कळत नाही. सोप्या शब्दांत सांगा: "परवा रात्री आपण चोखण्या डब्यात ठेवणार. मग त्या परत येणार नाहीत. रडू आलं तर मी जवळ आहे." डब्यात त्यानेच ठेवावी. आमच्याकडे घरभर शोधून सात निघाल्या, त्या तिने मोजत मोजत टाकल्या. पक्ष्यानं नेली, उंदरानं पळवली असल्या गोष्टी मला पटत नाहीत. त्यानं मुलाचं दुःख कमी होत नाही, वर पक्ष्याची भीती बसते.

काही उपाय करूच नका. चोखणीचं टोक कापण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कापलेलं रबर किंवा सिलिकॉन फाटतं, तुकडा सुटतो आणि घशात अडकू शकतो. कडू किंवा तिखट काही लावणं म्हणजे ज्या गोष्टीचा आधार घेतला तिनेच चटका देणं. आणि "तू काय तान्हं बाळ आहेस का?" हे वाक्य. लाजेनं चोखणी सुटत नाही, मूल फक्त लपून चोखायला शिकतं.

आता त्या पहिल्या रात्री. रडणं आधी वाढतं, मग कमी होतं, हे आधीच माहीत असेल तर धीर टिकतो. आजवर मिळत आलेली गोष्ट मिळेनाशी झाली की काही काळ मागणी जास्त जोरानं होते, हे वर्तनाच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. आमच्याकडे पहिल्या रात्री पन्नास मिनिटं, दुसऱ्या रात्री सव्वा तास. त्या सव्वा तासातच बहुतेक घरं माघार घेतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा बक्षिसासाठीची धडपड सगळ्यात चिवट असते. सव्वा तास रडू देऊन मग चोखणी दिली तर मुलाला कळतं ते इतकंच: सव्वा तास लागतो. म्हणून द्यायचीच असेल तर पहिल्याच मिनिटाला द्या आणि महिनाभरानं पुन्हा सुरुवात करा. त्यात काही कमीपणा नाही. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं आधी बसून ठरवायला हवं, आजी-आजोबांसकट. ज्याचा जीव सगळ्यात लवकर कळवळतो, त्याच्या हाताशी तरी एकही चोखणी नको.

चोखणी देत नाही म्हणजे मुलाला एकटं रडू द्यायचं, असं अजिबात नाही. मी दोन्ही रात्री तिच्याजवळ आडवी होते. "तुला चोखणी हवी होती. ती गेली. वाईट वाटतंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिसऱ्या रात्री वीस मिनिटं. चौथ्या रात्री अडीच वाजता तिचा हात अंथरुणावर फिरला, पांघरुणाचा कोपरा सापडला आणि ती वळून झोपली. मी मात्र पहाटेपर्यंत जागी होते, कान देऊन. दुपारची झोप पुढचे दहा-बारा दिवस विस्कटलेली राहिली, तेवढं धरून चालावं.

मूल आजारी असेल, घर बदलायचं असेल, नवं भावंड येणार असेल, शी-शू सांगायला शिकवणं चालू असेल, तर थांबा. महिनाभरानं दातांचं काही बिघडत नाही. वेळेआधी जन्मलेली मुलं, किंवा स्पर्श-आवाज सहन करायला जड जाणारी मुलं चोखण्यावर जास्त अवलंबून असू शकतात. तिथे उपचार करणाऱ्यांशी बोलूनच ठरवा. चोखणी सुटून सहा महिने झाले तरी पुढच्या दातांतली फट तशीच असेल, मूल रात्री घोरत असेल, सतत तोंडानं श्वास घेत असेल, किंवा चार वर्षं उलटली तरी काही केल्या सवय सुटत नसेल, तर दंतवैद्य किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोंड उघडं राहण्याचं मूळ कधीकधी नाकात किंवा वाढलेल्या ग्रंथींत असतं आणि चोखणीवर उगाच आळ येतो.

आणि घर पुन्हा एकदा शोधा. आमची आठवी चोखणी तीन आठवड्यांनी पलंग सरकवताना भिंतीलगत सापडली, धुळीनं माखलेली, रबरावर दातांच्या खुणा. माझ्याआधी तिनं पाहिली. "माझी," म्हणाली. मी म्हटलं, "हो, तुझी होती." तिने हात पुढे केला, मी ती माझ्या मुठीत ठेवली, आणि ती रडली. दोन-तीन मिनिटं, खांद्यावर डोकं ठेवून. मग खाली उतरली आणि धूळ पुसायचं फडकं मागितलं.